हरियाल की पारवा?

• आळंदीत देवळाच्या शिखरावर, कोनाड्यात घुमतो तो पारवा. हरियाल झाडावरचा, जमिनीवर क्वचितच उतरतो.

• हरियाल ऊर्फ हरोळी हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. लांबी सुमारे ३३ सेंमी. अंग हिरवट-पिवळे, डोके राखाडी, खांद्यावर जांभळट डाग. पाय हळदीसारखे पिवळे. भारतातल्या इतर हरोळ्यांचे तांबडे.

• खाणे: मुख्यतः फळे. वड, पिंपळ, उंबर पिकले की थवा हजर. पानांत इतका बेमालूम मिसळतो, की फांदी हलेपर्यंत पत्ता लागत नाही.

• आवाज: सुरेल शीळ.

• वीण: प्रामुख्याने मार्च ते जून. काटक्यांचे विरळ घरटे, २ पांढरी अंडी.

• अधिवास: पानझडी जंगल, देवराया, रस्त्याकडेची जुनी झाडे.

• वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीस बंदी.