विमान मोपाला, भाव तुयेत

गोव्यातल्या मोपाच्या मनोहर विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ला प्रवासी वाहतूक सुरू झाली. पण पेडणे तालुक्यात जमिनीच्या भावांनी त्याआधीच झेप घेतली होती. असं का होतं?

जमिनीची किंमत आजच्या काजूच्या पिकावर ठरत नाही. उद्या तिथून किती भाडं सुटेल, या अपेक्षेवर ठरते. याच तालुक्यातल्या तुयेत औद्योगिक वसाहत आहे, इलेक्ट्रॉनिक सिटीचा बेत आहे. कारखाना उभा राहायला वर्षं लागतात, भाव मात्र घोषणेच्या दिवशीच हलतो. शिवाय जमीन वाढवता येत नाही, आणि भाव ठरवतो सगळ्यात जास्त मोजणारा. तो बहुधा दिल्ली-मुंबईच्या पगारावर जगणारा. वसाहतीत पाळीवर जाणारा तुयेकार त्याच्यापुढे कसा टिकणार?

मग भरपूर घरं बांधली की स्वस्ताई येईल? गोव्यात तरी हा हिशेब सरळ नाही. २०११च्या जनगणनेत इथली साधारण पाचवा हिस्सा घरं रिकामी आढळली. सुट्टीपुरतं उघडणारं घर गुंतवणूक म्हणून झकास, पण त्यानं भाडेकरूची सोय होत नाही. विकास मोजताना निव्वळ बांधकामाचे चौरस मीटर मोजणं म्हणूनच मला फसवं वाटतं. संध्याकाळी किती घरांत दिवे लागतात, तेही मोजायला हवं.