विश्लेषण : ब्रशने सहज लिहिल्यासारखा दिसणारा ‘मिस्त्राल’ फॉन्ट घडला कसा?

रोमन लिपीतले ब्रशने झरझर लिहिल्यासारखे अक्षर दुकानांच्या पाट्यांवर, मेन्यूकार्डांवर सर्रास दिसते. २०११ च्या ‘ड्राइव्ह’ या हॉलिवूडपटाची गुलाबी श्रेयनामावलीही अशाच अक्षरातली. त्या फॉन्टचे नाव ‘मिस्त्राल’. दिसायला तो बेफिकीर असला, तरी त्यामागचा हिशेब काटेकोर आहे.

कोणी घडवला?

फ्रान्समधील मार्सेय येथील ‘फाँदेरी ऑलिव्ह’ने १९५३ मध्ये तो बाजारात आणला. रचनाकार होते रोजे एक्सकोफों (१९१०-१९८३). १९६८ च्या ग्रेनोबल हिवाळी ऑलिम्पिकचे बोधचिन्हही त्यांचेच. अक्षरांचा आधार म्हणून त्यांनी स्वतःचेच हस्ताक्षर घेतले. मिस्त्राल हे दक्षिण फ्रान्समधील थंड, जोरकस वाऱ्याचे नाव.

अडचण कुठे होती?

तो काळ शिशाच्या खिळ्यांचा होता. लिहिताना हाताला पुढचे अक्षर ठाऊक असते, त्यामुळे शेवटचा फराटा त्या बेताने वळतो. खिळ्याला मात्र शेजारी कोण येणार याचा पत्ता नसतो. त्यामुळे प्रत्येक अक्षराची शेपटी पुढच्या कोणत्याही अक्षराला बिनचूक भिडेल अशीच कापावी लागते. केसभर चूक झाली, तरी शब्दात फट पडते. बरे, सगळी अक्षरे एका मापात बसवली, तर जोड जमतो. पण लिखाण शाळकरी कित्त्यासारखे दिसू लागते! एक्सकोफों यांनी जोड पक्के ठेवले, मात्र अक्षरांची डोकी वरखाली आणि कडा खरखरीत राहू दिल्या. सारी गंमत तिथेच आहे.

आजच्या ओपनटाइप फॉन्टमध्ये शेजारचे अक्षर पाहून आकार बदलण्याची सोय करता येते. एकाच शब्दातले दोन ‘ओ’ वेगळे दाखवता येतात.

वापरताना काय टाळावे?

सगळा शब्द कॅपिटलमध्ये लिहिणे. कॅपिटल अक्षरे शब्दाच्या आरंभापुरती असतात, ती एकमेकांना जुळत नाहीत. अक्षरांमधले अंतर वाढवले, तर मेहनतीने जमवलेले जोडही तुटतात. हे फॉन्ट मथळ्यापुरतेच ठीक. पत्ता, वेळ, फोन क्रमांक यांसाठी साधे अक्षर बरे.

मराठीत काय स्थिती?

देवनागरीत अक्षरे जोडण्याचे काम शिरोरेखाच करते. कस लागतो तो जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्यांत. त्यामुळे एका फॉन्टसाठी शेकडो आकार काढावे लागतात. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरिन ली श्मिट यांनी केलेला ‘यात्रा वन’ गुगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. पाटी किंवा पत्रिकेसाठी कोणताही मराठी फॉन्ट घेण्याआधी त्यात ‘कीर्ती’, ‘द्वंद्व’ आणि ‘कुऱ्हाड’ हे तीन शब्द टाइप करून पाहावेत. रफार वेलांटीत अडकला किंवा ‘ऱ्ह’ फुटला, तर ते छापण्याआधीच कळते.