बुद्धिबळाने बुद्धीला बळ मिळते का?

नांदेडच्या वजिराबाद भागात एका हॉटेलापुढे संध्याकाळी चार-पाच जण चहाला जमतात. वजिराबादेत वजिराच्या गप्पा, हा निव्वळ योगायोग. फिशर मोठा की कास्पारोव्ह, आनंदने पाच जगज्जेतेपदांत कुणाकुणाला हरवले, २०२४ मध्ये सिंगापूरला चौदाव्या डावात डिंग लिरेनने हत्ती भलत्या घरात नेला नसता तर गुकेशचे काय झाले असते, असे वाद दोन-दोन तास चालतात. सिसिलियन बचाव कुणी कुणाला शिकवला यावरून एकदा दोघांनी आठवडाभर अबोला धरला होता.

या कट्ट्यावरचे मानाचे स्थान एका निवृत्त गुरुजींचे. १९७२ च्या फिशर-स्पास्की लढतीतला सहावा डाव ते चालीगणिक सांगतात. राजासमोरचे प्यादे पुढे टाकणारा फिशर त्या दिवशी क्वीन्स गॅम्बिट खेळला आणि हरल्यावर खुद्द स्पास्कीने टाळ्या वाजवल्या, हे सांगताना त्यांचा आवाज आजही भरून येतो.

गुरुजींचा मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला तो वेगळ्याच कारणाने. बीपीची गोळी दिवसातून दोनदा घेतली गेली होती, आणि बँकेतून घरी येताना ते गल्ली चुकले होते. मुलाचे म्हणणे असे, "डॉक्टर, विसराळूपणा म्हणावा तर अण्णा फिशरचा डाव तोंडपाठ सांगतेत. बुद्धिबळ खेळणाऱ्याला तसला आजार होत नाही म्हणतेत ना?" या समजुतीपायी घरच्यांनी वर्षभर वाट पाहिली होती.

अगदी उलट टोकाचा प्रश्न लातूरहून आलेल्या एका आईने विचारला. मुलगा नववीत. ट्यूशन एरियात पुढच्या दोन वर्षांची फी कुठे भरायची याची चर्चा घरात सुरू झालेली. "गणित वाढतंय म्हणून बुद्धिबळाचा क्लास लावला, आता पोरगं रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाईलवर तेच खेळायलंय. बंद करू का ठेवू?"

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: बुद्धिबळ म्हणजे मेंदूचा व्यायाम, आणि तो केला की मेंदू सगळ्याच कामांना मजबूत होतो. विज्ञानाने या गृहीतकाची तपासणी बरीच केली आहे.

सुरुवात हॉलंडमध्ये झाली. आद्रियान द ग्रूट हे मानसशास्त्रज्ञ स्वतः आपल्या देशाकडून ऑलिंपियाड खेळलेले. त्यांनी १९४६ च्या प्रबंधात दाखवले की खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद पाहून उस्ताद खेळाडू ती जवळपास जशीच्या तशी पुन्हा लावतो, नवखा मात्र अडखळतो. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी यात एक मेख मारली. त्यांनी मोहरे पटावर कसेही, अर्थहीन पसरले. आता उस्तादाची अवस्थाही जवळपास नवख्यासारखीच झाली! म्हणजे त्याची स्मरणशक्ती मुळात अचाट नव्हती. किल्लेकोट केलेला राजा, त्यापुढची तीन प्यादी, शेजारचा घोडा हे सगळे त्याला एकच चित्र म्हणून दिसत होते. आपण शब्द अक्षरे जुळवत वाचत नाही, तसेच. अशी हजारो चित्रे वर्षानुवर्षांच्या खेळातून डोक्यात साठतात.

लातूरच्या आडत बाजारात याचा दाखला रोज मिळतो. मुरलेला आडत्या सोयाबीनच्या ढिगात हात घालतो, मूठभर दाणे तळव्यावर घोळवतो आणि ओलावा किती ते सांगतो. म्हणून काही त्याला सोन्याचा कस कळत नाही. कौशल्य ज्या मातीत रुजते तिथेच वाढते. दुसऱ्या शेतात ते आपोआप उगवत नाही.

मग शाळेतल्या गणिताचे काय? २०१६ मध्ये जोव्हानी साला आणि फर्नांद गोबे यांनी २४ अभ्यास एकत्र करून पाहिले. बुद्धिबळ शिकलेल्या मुलांत थोडा फायदा दिसला, गणितात जरा जास्त. पण बहुतेक अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा एखादा नवा उपक्रम दिलेली मुले नव्हतीच. नवीन सर, नवा उत्साह, कौतुक यांचा परिणाम किती आणि पटाचा किती, हे वेगळे काढता येत नव्हते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये शंभर शाळांतल्या सुमारे चार हजार मुलांवर चोख प्रयोग झाला. निम्म्या शाळांत तीस तास बुद्धिबळ शिकवले आणि वर्षभराने गणिताची परीक्षा घेतली. फरक शून्य.

त्या आईला मी हेच सांगितले. त्याला आवडते म्हणून खेळू द्या, गणितासाठी नको. गणितासाठी गणितच करावे लागते. आणि रात्री एकचा मोबाईल मात्र बंद. तीन-तीन मिनिटांचे ऑनलाईन डाव एकामागून एक खेळताना हरल्याची चिडचिड पुढच्या डावात ओढून नेते, झोप उडते, आणि दिवसा शिकलेले पक्के व्हायला झोपच लागते. बुद्धिबळाने वाढवलेले गुण नसतीलही, जागरणाने घटवलेले नक्की असतील.

तिने जाता जाता नागपूरच्या दिव्या देशमुखचे नाव घेतले. घेणारच. २८ जुलै २०२५ ला बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून ही एकोणीस वर्षांची मुलगी महिला विश्वचषक जिंकली आणि एकही नॉर्म नसताना थेट ग्रँडमास्टर झाली. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर. नाशिकच्या विदित गुजराथीच्या घरीही डॉक्टरकीच. पण ही मुले बुद्धिबळाने हुशार झाली, की ज्यांना ते जमत गेले तीच मुले टिकली, हे विजेत्यांकडे पाहून ठरवता येत नाही. सोडून दिलेल्यांची मोजदाद कुणीच करत नाही. मला स्वतःला मुंबईच्या खाडिलकर भगिनींची गोष्ट अधिक मोलाची वाटते. वासंती, जयश्री आणि रोहिणी यांनी १९७४ पासून दहा वर्षे महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद घराबाहेर जाऊ दिले नाही, आणि रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. आक्षेप घेतला गेला तेव्हा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युव यांना निकाल द्यावा लागला, की स्त्रियांना अडवता येणार नाही. पटाने बुद्ध्यांक वाढवला की नाही कोण जाणे, धिटाईला मात्र जागा दिली.

एक गैरसमज वाटेत निकालात काढू. ग्रँडमास्टर दिवसाला सहा हजार कॅलरी जाळतो, असे कट्ट्यावरही ऐकले. विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला साधारण पाचवा हिस्सा मेंदू वापरतो हे खरे, पण कठीण विचार करताना त्यात पडणारी भर अगदी किरकोळ असते. वाढतात ते नाडीचे ठोके, तेही तणावाने. मनगटावरचे घड्याळ त्या ठोक्यांचे व्यायामासारखे गणित मांडते आणि आकडा फुगतो. १९८४-८५ ची कार्पोव्ह-कास्पारोव्ह लढत पाच महिने चालून ४८ डावांनंतर निकालाविना थांबवली गेली. तेव्हा कार्पोव्हचे वजन सुमारे दहा किलो घटल्याचे सांगितले गेले. त्यामागे महिनोन्‌महिन्यांचा ताण, तुटलेली झोप आणि मेलेली भूक धरावी लागते, नुसता विचार नव्हे.

आता गुरुजींकडे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन करणारे, पटावरचे खेळ खेळणारे, वाद्य वाजवणारे आणि नाचणारे यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. बातम्यांत त्यातले बुद्धिबळ तेवढे उचलले गेले. पण असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. ज्याच्या मेंदूत आजार हळूहळू शिरतो आहे, तो माणूसच खेळ सोडत असेल. संशोधकांनी ही शंका दूर करायचा प्रयत्न केला, ती पूर्ण फिटली नाही.

याहून महत्त्वाची आहे लंडनची एक नोंद. तिथला एक निवृत्त प्राध्यापक, उत्तम खेळाडू, डॉक्टरांकडे गेला तो एवढीच तक्रार घेऊन की पूर्वी सात-आठ चाली पुढचे दिसायचे, आता चार-पाचच दिसतात. स्मृतीच्या चाचण्यांत तो उत्तीर्ण झाला. दोनेक वर्षांत तो दुसऱ्या कारणाने वारला आणि शवविच्छेदनात मेंदू अल्झायमरने पोखरलेला निघाला. आयुष्यभर डोके वापरणाऱ्यांकडे मेंदूची शिल्लक जास्त असते. आजार त्यांच्यात उशिरा दिसतो, म्हणजे तो नसतोच असे नाही. तोंडपाठ जुना डाव ही तर फारच कमकुवत खूण. जुन्या आठवणी शेवटी जातात, सकाळी गोळी घेतली की नाही हे आधी.

म्हणून तपासण्या केल्या. गुरुजींचे ब १२ जीवनसत्त्व खूपच कमी निघाले. शाकाहारी वृद्धांत हे सर्रास आढळते आणि इंजेक्शनने भरून निघते. ऐकू कमी येत होते, ते त्यांनी कुणाला सांगितलेच नव्हते. बीपीही ताब्यात नव्हता. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी लॅन्सेट नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये दिली. त्यात श्रवणदोष, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा अशी माणसाच्या हातातली कारणे आहेत. बहिऱ्या आजोबांना पट आणून देण्यापेक्षा कानाचे यंत्र आणून देणे अधिक शहाणपणाचे.

इंजेक्शनांनी बराच फरक पडला, सगळा नाही. मेंदूच्या प्रतिमेत सुरुवातीचे बदल आहेत आणि दर सहा महिन्यांनी त्यांना यायला सांगितले आहे. गोळ्यांची डबी आता सून भरून ठेवते. कट्टा मी बंद करू दिला नाही, नातू सोबत जातो. यंत्र लावल्यापासून गुरुजींना समोरच्यांची वाक्ये पुरती ऐकू येतात, त्यामुळे वाद वाढले आहेत, अशी मित्रांची तक्रार आहे.