जहाज-प्रतिकृती

जहाज-प्रतिकृती : प्रत्यक्ष असलेल्या, पूर्वी होऊन गेलेल्या किंवा नियोजित जहाजाचे वा नौकेचे ठराविक प्रमाणात लहान करून तयार केलेले त्रिमितीय रूप. केवळ बाह्य आकाराची आठवण करून देणारी शोभेची वस्तू आणि जहाज-प्रतिकृती यांत फरक केला जातो. प्रतिकृतीत लांबी, रुंदी, खोली, डोलकाठ्यांची उंची, फळ्यांची जाडी व दोरांचा व्यास यांचे परस्परप्रमाण मूळ जहाजाप्रमाणे राखावे लागते. तसेच प्रत्येक भाग कोणत्या पुराव्यावरून घडविला, हे कारागिराला सांगता यावे लागते. धार्मिक विधी, जहाजबांधणीचा आराखडा, जलगतिकीय प्रयोग, नाविकांचे प्रशिक्षण, संग्रहालयीन प्रदर्शन व छंद अशा विविध हेतूंनी प्रतिकृती तयार करण्यात येतात. हे काम मेजावर करता येण्यासारखे असल्याने समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडासारख्या प्रदेशातही ही कला जोपासता येते.

इतिहास : नौकांच्या प्रतिकृती फार प्राचीन काळापासून आढळतात. ईजिप्तमध्ये मृताच्या परलोकप्रवासासाठी थडग्यात लाकडी नौका ठेवीत. थीब्झ येथील मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात (इ. स. पू. सु. २०००) १९२० मध्ये सापडलेल्या नौकांवर वल्हेकरी, स्वयंपाकी, कोळी इ. आकृती असून त्यांवरून तत्कालीन नौकांची व्यवस्था स्पष्ट होते. भारतात लोथल येथील उत्खननात भाजलेल्या मातीच्या नौका-प्रतिकृती मिळाल्या. त्यांपैकी एकीत डोलकाठी रोवण्यासाठी छिद्र असल्याने शिडाच्या वापराचा पुरावा म्हणून तिला महत्त्व आहे.

मध्ययुगीन यूरोपात संकटातून वाचलेले नाविक चर्चमध्ये जहाजाची प्रतिकृती अर्पण करीत. कॅटलोनियातील माटारो येथील पंधराव्या शतकातील अशी प्रतिकृती सध्या रॉटरडॅम येथील संग्रहालयात आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये नौदल मंडळाच्या जहाजांच्या प्रतिकृती बहुधा १ : ४८ या प्रमाणात तयार करण्यात येऊ लागल्या. त्यांच्या खालच्या अंगावर फळ्या न बसविता फासळ्या उघड्या ठेवीत. नेपोलियनकालीन युद्धांत इंग्लंडमध्ये बंदिवान असलेल्या फ्रेंच सैनिकांनी हाडांपासून केलेली जहाजे कारागिरीसाठी प्रसिद्ध आहेत. तथापि ती बहुतांशी स्मरणावरून केलेली असल्याने त्यांच्या प्रमाणबद्धतेवर विसंबता येत नाही. विल्यम फ्रूड यांनी १८७२ च्या सुमारास टॉर्की येथे प्रतिकृती पाण्यातून ओढून तिला होणारा विरोध मोजण्याची टाकी उभारली. तेव्हापासून प्रतिकृती हे जहाज-अभियांत्रिकीचे प्रमुख साधन बनले.

भारतातील परंपरा : भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर जहाजबांधणीच्या दोन पद्धती शेजारीशेजारी नांदत होत्या. पहिली कागदावरील आराखड्याची. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत ब्रिटिश नौदलासाठी सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करण्यात आले आहे. या जहाजाचे आराखडे ‘जावा’ या युद्धनौकेतून मुंबईस पाठविण्यात आले होते. परंतु डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जहाजाने ‘जावा’चा नाश केल्याने ते गेले व त्यांच्या प्रती पुन्हा पाठवाव्या लागल्या. कागद हरवला तरी त्याची दुसरी प्रत काढता आली, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरी पद्धती कोकणातील मिस्त्रींची. यात आराखडा काढला जात नाही. कण्याची लांबी ठरली की इतर मापे ठोकताळ्यांनी निघतात आणि फासळ्यांचा बाक अनुभवी नजरेने ठरतो. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे हातोहात जाते. ती साखळी तुटली म्हणजे दुसरी प्रत काढता येत नाही. मराठा आरमारातील गुराबा व गलबते याच परंपरेत मोडतात. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांच्या वर्णनानुसार गुराब लांबीच्या मानाने बरीच रुंद, उथळ बुडाची व पुढे निमुळत्या सोंडेची असे. दोन डोलकाठ्यांची गुराब सु. १५० टनांची व तीन डोलकाठ्यांची सु. ३०० टनांची असे. गलबत त्याहून लहान असून ४० ते ५० वल्ह्यांनी चाले. अशा वर्णनावरून जहाजाची सर्वसाधारण ठेवण कळते. पाण्याखालील अंगाचा नेमका बाक कळत नाही. भोजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरु या संस्कृत ग्रंथातही नौकांच्या प्रकारांची लांबी, रुंदी व उंची दिलेली आहे. पण आकृती नाहीत.

प्रमाण : मूळ जहाज व प्रतिकृती यांच्या लांबीच्या गुणोत्तरास प्रमाण म्हणतात. लाकडी जहाजांसाठी १ : ४८ व १ : ९६, आधुनिक पोलादी जहाजांसाठी १ : १०० व १ : २०० ही प्रमाणे रूढ आहेत, प्लॅस्टिकच्या तयार सुट्या भागांच्या संचांत १ : ७०० हे प्रमाणही आढळते. ‘ट्रिंकोमाली’च्या तोफांच्या डेकची लांबी सु. ४५·८ मी. आहे; १ : ४८ प्रमाणात ती सु. ९५ सेंमी. व १ : ९६ प्रमाणात सु. ४८ सेंमी. भरते. पहिल्या प्रमाणात ७·५ सेंमी. जाडीची फळी सु. १·६ मिमी., तर २४ मिमी. व्यासाचा दोर ०·५ मिमी. होतो. यापेक्षा प्रमाण लहान घेतल्यास बारीक भाग हाताने करणे अवघड जाते. मोठे घेतल्यास प्रतिकृती घरात मावत नाही.

लांबी प्रमाणात घटते. परंतु घनफळ व वजन प्रमाणाच्या घनाने घटतात. १,००० टनांच्या जहाजाची १ : ४८ प्रमाणातील तरंगती प्रतिकृती केवळ सु. ९ किग्रॅ. वजनाची असावी लागते. तसेच फ्रूड यांच्या नियमानुसार वेग प्रमाणाच्या वर्गमूळाने घटतो. १ : १६ प्रमाणातील प्रतिकृती मूळ वेगाच्या एक-चतुर्थांश वेगाने चालविली तरच तिच्याभोवतीच्या लाटा मूळ जहाजाच्या लाटांसारख्या दिसतात.

रचनापद्धती : प्रतिकृतीच्या अंगाची बांधणी मुख्यतः चार प्रकारे करतात. (१) एकसंध ठोकळा कोरून आकार देणे. ही सर्वांत सोपी पद्धती होय. बाकाची शुद्धता तपासण्यासाठी पुठ्ठ्याचे साचे ठराविक अंतरावर लावून पाहतात. (२) आराखड्यातील प्रत्येक जलरेषेनुसार कापलेल्या फळ्या एकमेकींवर चिकटवून त्यांच्या पायऱ्या तासून काढणे. आतील भाग आधीच पोकळ कापता येत असल्याने चालत्या प्रतिकृतींस ही पद्धती सोयीची पडते. (३) कण्यावर आडवे पडदे उभारून त्यांवर पातळ फळ्या बसविणे. (४) मूळ जहाजाप्रमाणे प्रत्येक फासळी वेगळी जोडून त्यांवर फळ्या बसविणे. ही सर्वांत कष्टाची पद्धती असून एका प्रतिकृतीस कित्येक वर्षे लागू शकतात. परंतु बांधणीचे ज्ञान जतन करण्याच्या दृष्टीने हीच सर्वांत उपयुक्त आहे.

फळ्या बसविताना पुढे व मागे त्यांची रुंदी कमी करावी लागते, कारण जहाजाच्या मध्यभागाचा घेर टोकांच्या घेरापेक्षा मोठा असतो. नवशिक्या कारागीर सर्व फळ्या एकाच रुंदीच्या ठेवतो व अखेरीस उरलेल्या फटीत पाचरी भरतो. अनुभवी परीक्षकाची नजर प्रथम तेथेच जाते. बाकासाठी फळी पाण्यात भिजवून उष्णता देतात व साच्यावर बांधून वाळवितात. सांध्यांतील राळ-कापसाची काळी रेघ दाखविण्यासाठी फळीच्या कडेस शिसपेन्सिल घासतात किंवा काळा पातळ कागद चिकटवितात.

साहित्य व वऱ्हाडचे हवामान : मूळ जहाज सागवानी असले तरी प्रतिकृतीसाठी सागवान योग्य ठरत नाही. सागवानाच्या लाकडातील सु. ०·२५ मिमी. व्यासाचे छिद्र १ : ४८ प्रमाणात १२ मिमी. रुंदीच्या भोकासारखे दिसते. म्हणून बारीक व एकसारख्या पोताचे लाकूड निवडतात. यूरोपात यासाठी बॉक्सवुड वापरतात. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटाच्या अरण्यात सागवानाबरोबर हळदू व शिवण हे वृक्षही वाढतात. हळदूचे पिवळसर, घट्ट पोताचे लाकूड फण्या, मोजपट्ट्या इ. वस्तूंसाठी बॉक्सवुडऐवजी वापरले गेले आहे; बारीक कामास ते उत्तम होय. शिवणीचे लाकूड हलके, कोरण्यास सोपे व वाळल्यावर फारसे न वाकणारे असल्याने ठोकळा-पद्धतीस उपयोगी पडते. रीतसर विक्रीस आलेल्या लाकडाचे तुकडे सुताराकडून मिळवून ते किमान एक संपूर्ण वर्ष घरात मुरू द्यावे.

ही मुदत हवामानामुळे आवश्यक ठरते. अकोला व अमरावती येथे मे महिन्यात तापमान ४५° से. च्या वर जाते व हवा अतिशय कोरडी होते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा दमट असते. लाकूड रुंदीच्या दिशेने आकसते व फुगते. न मुरलेल्या लाकडाची प्रतिकृती पहिल्याच उन्हाळ्यात सांध्यांत उकलते. दोरांचे वर्तन याच्या उलट असते : सुती दोर दमट हवेत जाड होतो व लांबीने आखडतो. वैशाखात ताणून बांधलेले दोर श्रावणात बारीक परभाण मोडू शकतात, तर पावसाळ्यात ताणलेले उन्हाळ्यात सैल पडतात. त्यामुळे दोरकाम दिवाळीनंतरच्या समशीतोष्ण हवेत करणे हितावह होय.

वऱ्हाडचा देशी कापूस एकेकाळी अमरावतीच्या नावावरून परदेशी बाजारात ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. तो आखूड धाग्याचा असल्याने त्याच्या सुतावर तूस फार राहते, आणि प्रमाणात हे तूस जाड केसांसारखे दिसते. म्हणून लांब धाग्याचे सूत किंवा जवसाच्या तंतूंचा धागा घेऊन तो मधमाशीच्या मेणावरून ओढतात व लहान चरकावर तीन पदरी पीळ देतात. डोलकाठीला आधार देणारे स्थिर दोर डांबर लावलेले असल्याने काळपट व शिडे हलविणारे चल दोर फिकट दाखवितात.

अजिंठ्याचे जहाज : समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडचा जहाजाच्या इतिहासाशी एक महत्त्वाचा संबंध आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम होय (हे शहर १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते). या शाखेचा राजा हरिषेण याच्या काळात, इ. स. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे लेणे क्र. १६ करविले. त्याच काळातील वा त्याच्या लगतच्या लेणे क्र. २ मध्ये शूर्पारक (सोपारा) येथील व्यापारी पूर्ण याच्या कथेत एक जहाज चित्रित केले आहे. तीन डोलकाठ्या, उंच व अरुंद शिडे, पिछाडीस सुकाणूचे वल्हे, नाळेवर रंगविलेला डोळा आणि मागील बाजूस रचलेले रांजण त्यात दिसतात.

हे चित्र प्रतिकृतिकारास भुरळ घालते व अडचणीतही टाकते. चित्रात जहाजाची एकच बाजू आहे. रुंदी दिसत नाही, पाण्याखालील अंग झाकलेले आहे आणि माणसे कथेच्या सोयीने मोठी काढली असल्याने त्यांवरून माप घेता येत नाही. हीच अडचण प्रत्यक्ष जहाज बांधताना आली. अजिंठ्यातील चित्राधारे शिवलेल्या फळ्यांचे जहाज बांधण्याचा करार जुलै २०२३ मध्ये केंद्रीय संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल व गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात झाला. केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या. मूळ आराखडा उपलब्ध नसल्याने जहाजाचा आकार अनुमानाने ठरवावा लागला व मद्रास येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने प्रतिकृतीवर जलगतिकीय चाचण्या घेण्यात आल्या. हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. भिंतीवरील चित्र, त्यावरून लहान प्रतिकृती व तीवरून समुद्रात जाणारे जहाज असा हा क्रम आहे. त्यातील मधली पायरी वगळता येत नाही.

प्रशिक्षण : राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेच्या (स्थापना १९५२) छात्रांना जहाज-प्रतिकृती तयार करण्याचे शिक्षण दिले जाते व अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात या विषयाची स्पर्धा असते. समुद्र न पाहिलेल्या विद्यार्थ्यास कणा, फासळी, डोलकाठी, परभाण व सुकाणू यांचे परस्परसंबंध पुस्तकापेक्षा एका प्रतिकृतीतून लवकर कळतात. मुंबईच्या माझगाव डॉकच्या ‘धरोहर’ या संग्रहालयात तेथे बांधलेल्या जहाजांच्या प्रतिकृती पाहावयास मिळतात.

पुराव्याचा प्रश्न : प्रतिकृती पाहणाऱ्यास ज्ञात व कल्पित भाग सारख्याच खात्रीचे वाटतात, हा या कलेतील मोठा धोका होय. लिखित इतिहासात लेखक ‘बहुधा’ असे म्हणू शकतो. लाकडास ते म्हणता येत नाही. यूरोपीय जहाजाच्या उपलब्ध आराखड्यावर भगवे निशाण चढविल्याने ते मराठा गुराब होत नाही. परंतु तशी प्रतिकृती एकदा प्रदर्शनात मांडली की पुढील कारागीर तिचीच नक्कल करतात व चूक रूढ होते. म्हणून प्रतिकृतीबरोबर प्रमाण, आधारभूत साधने व अनुमानाने केलेले भाग यांची नोंद असलेले पत्रक ठेवणे आवश्यक आहे. अनुमित भागावर रंग न देता लाकूड उघडे ठेवण्याचा उपायही करता येतो.

याउलट, जी जहाजे अद्याप डोळ्यांसमोर आहेत त्यांच्या बाबतीत असे अनुमान करण्याची वेळ येऊ नये. कोकणातील लाकडी मचवे व होड्या यांची जागा काचतंतूंच्या होड्यांनी मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. पूर्णा व वर्धा या नद्यांवरील भोई समाजाच्या नावा व डोंगे यांचीही मोजमापे क्वचितच नोंदली जातात. जुन्या नावेची लांबी, दर हातभर अंतरावरील रुंदी व खोली, फळ्यांची संख्या आणि जोडणीची रीत एवढी मापे दोन माणसांना एका दिवसात घेता येतात. त्यांवरून केलेली १ : १० प्रमाणातील प्रतिकृती आणि तिच्याबरोबरची मापांची वही हीच त्या नावेची दुसरी प्रत ठरते. मूळ नाव कुजून गेल्यावर ती करता येत नाही.