शय्या संवेदक

शय्या संवेदक : निजलेल्या व्यक्तीच्या अंगाला विद्युत् अग्र, पट्टा किंवा नळी न जोडता तिच्या हृदयाचे ठोके, श्वसन व हालचाली नोंदणारे साधन. ते गादीखाली, चादरीखाली किंवा पलंगाच्या पायांखाली बसवितात. झोपेत व्यत्यय न आणता रात्रीमागून रात्री नोंद घेता येणे, हा त्याचा मुख्य लाभ होय.

तत्त्व : प्रत्येक ठोक्यास हृदयाचे डावे निलय सु. ७० मिलि. रक्त महारोहिणीत लोटते. रक्तास प्रथम डोक्याच्या दिशेने वेग मिळतो, तेव्हा न्यूटन यांच्या तिसऱ्या गतिनियमानुसार शरीर पायांकडे किंचित ढकलले जाते. महारोहिणीच्या कमानीतून रक्त खाली वळले की, हा धक्का उलट दिशेने बसतो. या सूक्ष्म हालचालींच्या आलेखनास ‘बॅलिस्टोकार्डिओग्राफी’ म्हणतात. श्वसनाने होणारी छातीची हालचाल तुलनेने मोठी, पण मंद असते. प्रौढ व्यक्ती विश्रांत स्थितीत मिनिटास १२ ते २० वेळा श्वास घेते, तर हृदयजन्य कंपने साधारणतः सेकंदास १ ते २० असतात. कंप्रतांमधील या फरकामुळे एकाच संकेतातून दोन्ही वेगळे काढता येतात.

इतिहास : स्प्रिंगच्या वजनकाट्यावर स्थिर उभ्या असलेल्या माणसाच्या नाडीबरोबर काट्याची सुई हलते, असे जे. डब्ल्यू. गॉर्डन यांनी १८७७ मध्ये नोंदविले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील आयझॅक स्टार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये हे आलेखन करणारे मेज वर्णिले. पुढे श्राव्यातीत ध्वनीने हृदयाची तपासणी होऊ लागल्यावर ही पद्धती मागे पडली. १९८१ मध्ये फिनलंडमधील युक्का अलिहान्का व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थिर विद्युत् भारावर चालणारी शय्या वापरून हृद्‌गती व श्वसन यांची दीर्घकाळ नोंद घेतली. दाब पडताच विद्युत् भार निर्माण करणारे पातळ बहुवारिक पटल, हवेच्या पिशव्या, भारमापक व प्रकाशीय तंतू हेही संवेदक म्हणून वापरतात.

मर्यादा : हे साधन केवळ हालचाल मोजते, बाकी सर्व अनुमान असते. कूस बदलताना ठोक्यांची नोंद बिघडते, शेजारी निजलेल्या व्यक्तीचे संकेत मिसळतात आणि अनियमित ठोके ओळखणे अवघड जाते. झोपेच्या अवस्था मुख्यत्वे मेंदूच्या विद्युत् आलेखावरून ठरतात. शय्या संवेदक त्या ठोके, श्वसन व हालचाल यांवरून अजमावतो. सर्वांत महत्त्वाची अडचण निद्राश्वसनरोधात येते. त्याच्या अडथळाजन्य प्रकारात घशातील मार्ग बंद होऊन फुप्फुसात हवा जात नाही, परंतु छाती व पोट श्वासासाठी धडपडत राहतात. ही धडपड साध्या संवेदकास श्वसनासारखीच भासू शकते. त्यामुळे मोठ्याने घोरणे, झोपेत गुदमरणे किंवा दिवसा अनावर झोप येणे अशी लक्षणे असल्यास संवेदकाच्या निर्दोष नोंदीवर विसंबणे धोक्याचे ठरते. अशा वेळी नाकातील हवेचा प्रवाह व रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण मोजणारी वैद्यकीय निद्रातपासणी आवश्यक असते.