उन्हाची ऊब आणि घरची कार्यशाळा

श्रमणाऱ्या माणसाला कामाच्या जागी बरे वाटेल आणि त्याच्या प्रकृतीस अपाय होणार नाही असे तापमान राखले पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिले गेले. पण जो कारागीर आपल्या घराशेजारच्या खोलीत रंधा नि करवत चालवतो, त्याच्याकडे कोणता निरीक्षक जाणार? तो स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर. गारठ्याने बोटे बधिर झाली की पात्याचा स्पर्श उशिरा कळतो. आणि असा उशीर म्हणजे कित्येकदा एक बोट गमावणे होय. म्हणून हा विषय केवळ सुखसोयीचा नाही.

आपल्या प्रांतात गारठा चार-सहा आठवड्यांचा पाहुणा. पण अमेरिकेतील कोलोरॅडोसारख्या डोंगराळ राज्यात तो महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो. तिथे मोटार ठेवण्याच्या खोलीतच सुतारकाम करणारे पुष्कळ आहेत. बाहेर बर्फ असले तरी आकाश बहुधा निरभ्र असते. या उन्हावर पाणी तापवून त्या पाण्याने खोली उबदार ठेवण्याचा उद्योग तिथले हौशी लोक स्वतःच्या हातांनी करतात.

यातील कल्पना जुनी आहे. १७६७ साली स्वित्झर्लंडमधील द सोस्यूर या शास्त्रज्ञाने काचेच्या झाकणाची पेटी उन्हात ठेवून तिच्यात पाणी उकळण्याइतकी उष्णता मिळवली. काच उन्हाला आत येऊ देते, पण तापलेल्या वस्तूतून निघणारी उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्पने अशा पेटीत पाण्याच्या टाक्या बसवून पेटंट घेतले. पाणी दिवसा छान तापे, पण रात्रीत निवून जाई. १९०९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम बेली याने तापवणारी पेटी आणि साठवणारी टाकी अलग केली, आणि टाकीला उष्णतारोधक आवरण घातले. मिळवणे निराळे आणि राखणे निराळे, हे त्याने ओळखले.

घरच्या कार्यशाळेची रचनाही तीच. दक्षिणेकडे तोंड करून एक उथळ पेटी उभी करतात. तिच्यात तांब्याच्या नळ्या, नळ्यांना घट्ट बसवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, त्यांवर काळा रंग, वर काच आणि मागे उष्णतारोधक थर. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून उतार अक्षांशाहून सुमारे १५ अंश जास्त देतात. डेन्व्हर ४० अक्षांशावर आहे, तेव्हा तिथे ५५ अंश. टाकी जमिनीवर ठेवतात, कारण २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन. एक लहान पंप पाणी पेटीतून फिरवतो. पेटी टाकीहून गरम असेल तेव्हाच तो चालतो. दुसरा पंप हे पाणी फरशीखालच्या नळ्यांतून नेतो. फरशीला ३०–३५ अंशांचे पाणी पुरते, म्हणून हिवाळी उन्हावरही काम भागते.

आता हिशेब मांडू. निरभ्र हिवाळी दिवशी अशा पेटीच्या एका चौरस मीटरवर पाचएक युनिट ऊन पडते. निम्मे पदरात पडले तर ४ चौरस मीटरांचे १० युनिट झाले. एवढ्यात २१५ लिटर पाणी ४० अंशांनी तापते. कार्यशाळेच्या भिंती आणि छप्पर मिळून ८० चौरस मीटर धरा, बाहेर शून्य आणि आत १५ अंश. उघड्या नऊ इंची विटेतून दहा तासांत सुमारे २४ युनिट निसटतील. भिंतींना आणि छपराला दोन इंच थर्मोकोल लावून वर पक्के अस्तर दिले, तर तेच नुकसान सुमारे ६ युनिटांवर येते. मग दाराच्या फटींतून जाणारी उष्णता धरूनही १० युनिटांत दिवस निघतो. तात्पर्य, पहिला पैसा पेटीवर नव्हे, भिंतीवर खर्च करावा. ढगाळ दिवसांसाठी जोडीला शेगडी लागतेच, हेही विसरू नये.

एक धोका सांगितलाच पाहिजे. पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते आणि नळी फोडते. १९१३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात अचानक कडाका पडला, तेव्हा बेलीच्या गिऱ्हाइकांच्या नळ्या अशाच फुटल्या. त्याने पेटीतल्या पाण्यात मद्यार्क मिसळून तो फेरा वापराच्या पाण्यापासून वेगळा केला. आजचे हौशी कारागीर याहून सोपा उपाय करतात. पंप थांबला की पेटीतले सारे पाणी उतारावरून आपोआप टाकीत परत यावे, अशा बेताने नळ्या बसवतात. उतार एके ठिकाणी जरी चुकला, तरी तिथे साचलेले पाणी घात करते.

मी जन्मभर कामगारांच्या संघटनेत राहिलो. तिथे एक गोष्ट वारंवार पाहिली: झगडून मिळवलेली सवलत राखली नाही, तर ती फटीफटीतून निसटते. उन्हाचेही तसेच आहे. सूर्य कुणाकडे मजुरी मागत नाही. पण त्याने दिलेले सांभाळण्याचे कष्ट मात्र आपल्यालाच करावे लागतात.