वाड्याचे दर्शनी अंग

नेपाळच्या खोऱ्यातील नेवार कारागिरांनी मल्ल राजांच्या आश्रयाने विटांच्या घरांना रस्त्याच्या अंगास अतिशय नाजूक कोरीव खिडक्या बसविल्या आणि आपले कौशल्य वाटसरूच्याही वाट्यास दिले. वीट-लाकडावरच पोसलेला आमच्या सातारा प्रांतातील वाडा मात्र रस्त्याकडे पाठ फिरवून बसतो. 1768 साली पृथ्वीनारायण शाहाने काठमांडू जिंकले, त्याच वर्षी वाईनजीकचे मेणवली गाव पंतप्रतिनिधी भवानराव व रघुनाथ घनश्याम मंत्री यांजकडून नाना फडणविसांस इनाम मिळाले, आणि तेथे पुढे सहा चौकांचा वाडा उभा राहिला.

बाहेरून पाहणाऱ्यास भिंत आणि दरवाजाच काय तो दिसतो. दिंडीतून आत शिरावे, तेव्हा कोठे ओसरी, महिरपी आणि भित्तिचित्रे डोळ्यांपुढे येतात. जमिनीची ओल लाकडास लागू नये म्हणून खांब दगडी तळखड्यावर उभा केलेला, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट: सारा भार सांगाड्यावर असल्याने दोन खांबांमधील खण हेच घर मोजण्याचे माप ठरले.

परंतु वाड्याने आपले मुख अजिबात झाकले, असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्याचे खरे दर्शनी अंग कृष्णेच्या बाजूस आहे. मेणवलीस वाड्यामागून उतरावे, तो चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, मेणेश्वराचे देऊळ आणि वसईच्या मोहिमेतून आलेली, 1707 साल व बाळ येशूसह मेरीची आकृती अंगावर वागविणारी घंटा, हे सारे गावास मोकळे. घरात राखलेले ऐश्वर्य धनिकाने नदीकाठी लोकार्पण करावे, हा त्या काळचा शिरस्ताच होता. वाईस गणपतराव रास्त्यांनी 1762 साली ढोल्या गणपतीचे मंदिर बांधविले, तेव्हा पुराचा लोंढा दुभंगावा म्हणून मागील भिंत मत्स्याकार केली. ते शहाणपण मला कोणत्याही नक्षीहून थोर वाटते. सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांनीही गणपतीस कृष्णाकाठच दिला.

आज घाटांवर यात्रा भरते, चित्रपटांची छायाचित्रणे होतात. गावोगावचे वाडे मात्र वाटण्यांच्या कज्ज्यात खचत चालले आहेत. वास्तविक कुजलेली कडी तेवढी काढून नवी बसविता येते, ढासळलेला खण पुन्हा भरता येतो; मात्र ते काम जाणणारा सुतार हाताशी असेपर्यंतच वारसदारांनी तडजोडीस बसले पाहिजे.